घासलेला काठ

मातीतून बाटलीची काच उचलली, की आक्का ती आधी पदराला पुसायच्या, मग तिच्या तोंडाच्या काठावरून अंगठा गोल फिरवायच्या आणि विचारायच्या, "कुणाची गं तू?" गावाकडे कट्ट्यावर बसलेली बाई अनोळखी पोरीला विचारते ना, अगदी तसं. बाटली आता बापाचं नाव सांगणार, अशा बेतानं त्या क्षणभर थांबायच्यासुद्धा.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला चळ लागला होता. आमची गल्लीही तेच म्हणायची. आक्का कोल्हापूरच्या आमच्या गल्लीत शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून जन्मभर राबलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला रिक्षावाला दचकावा. माझ्याकडे स्कूटर आहे आणि रविवारी मला काम नसतं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "चल, मी तयार हाय," एवढंच सांगून मागच्या सीटवर बसायच्या. येतेस का, असा प्रश्न त्यांना ठाऊकच नव्हता.

आम्ही नांगरलेली रानं पालथी घालायचो. शेतात जुनी काच येते कुठून, हे मला आधी कळेना.

"अगं, फुटकंतुटकं उकिरड्यावर जायचं. उकिरडा गाडीत भरून रानात. शेणखताबरोबर काच बी गेली की!"

उसाचा खोडवा मोडून ट्रॅक्टर फिरला, की ती वर येते. ढेकळांत काहीतरी चमकलं, की आक्का वाकल्याच.

बाटली ओळखायला त्यांनीच मला शिकवलं. साच्याची शिवण गळ्यापाशी संपली, तर तोंड हातानं वळवलेलं, ही थोरली. शिवण ओठावरून पार गेली, तर मशीनची. ही अलीकडची सून. गळ्याला चिमटा असेल तर सोड्याची, पोरांनी आतल्या गोटीसाठी हमखास फोडलेली. अंगावर डोसाच्या रेघा असल्या, तर औषधाची. "हिचं माहेर विलायत, सासर कागल," असं त्या बिनधास्त सांगायच्या. खरं-खोटं त्यांनाच माहीत!

एकदा त्यांनी एक चपटी बाटली उन्हात धरली. पुरून राहिल्यानं तिच्यावर मोरपिसाचे रंग चढले होते. कुणीतरी खोकल्याचं औषध संपवून फेकलेली वस्तू, आणि मातीनं तिला इतकी वर्षं नटवत ठेवलं होतं.

कागलजवळच्या एका गावात एका शेतकऱ्यानं आम्हाला बांधावर अडवलं होतं. "पावणं, मोजणीला आलाय व्हय? रस्ता आमच्या रानातनं जायचा न्हाय, सांगून ठेवतो!"

"रस्ता न्हाय बाबा, बाटली हुडकतोय," आक्का म्हणाल्या.

त्यानं आम्हा दोघींना नीट न्याहाळलं. "सकाळी सकाळी?"

आक्का इतक्या हसल्या, की ढेकळावरच बसल्या. मग त्यानंच आम्हाला चहा पाजला.

त्याच रानात आम्ही दरवर्षी का येतो, हे मात्र मला फार उशिरा कळलं. ते गाव आक्कांचं आजोळ होतं. एकदा बांधावर लिंबाखाली बसून भाकरी खाताना त्या आपणहून बोलल्या. आई बाळंतपणात गेली होती. मामीनं त्यांना होडीच्या आकाराच्या, दोन तोंडांच्या काचेच्या बाटलीनं दूध पाजून वाढवलं.

"बानं माझं तोंड बघितलं न्हाय, दुसरं लगीन करून गेला, असंच सगळं गाव सांगायचं. एकटी मामी म्हणायची, बाटलीच्या काठाचा टवका उडालता. पोरीला लागंल म्हणून तुझा बा दुपारभर दगडावर वाळू-पाणी घालून काठ घासत बसलता." आक्कांनी भाकरी खाली ठेवली. "पर मामी मायाळू. मला बरं वाटावं म्हणून बी सांगितलं असंल."

पुढे ती बाटली फुटली, उकिरड्यावर गेली आणि उकिरडा या रानात आला. इतकी वर्षं त्यांचा अंगठा काय शोधत होता, ते मला तेव्हा उमगलं.

आणि एका वर्षी, होळीच्या आसपास, त्याच रानात त्या वाकल्या. तुकडाच होता, एक तोंड आणि त्याखाली चार बोटं पोट. आक्कांनी तो पुसला, अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा तिथंच थांबला. त्यांचा तो नेहमीचा प्रश्न ऐकायला मी उभी होते, पण त्यांनी विचारलंच नाही. माझा हात धरून त्यांनी माझा अंगठा काठावर ठेवला.

गोल, गुळगुळीत ओठ, आणि एके ठिकाणी नखभर सपाट उतार, किंचित खरखरीत. फुटल्यावर काच अशी होत नाही. कारखान्यातून अशी येत नाही. कुणीतरी बसून ती घासली होती. वरून नांगर गेले होते, पाणी गेलं होतं, किती ऊस उगवून तोडून गेला होता, आणि एका माणसाची एक दुपार त्या नखभर जागेत शाबूत होती.

"बसलता गं," आक्का म्हणाल्या. "बा बसलता." गल्ली दचकवणारा तो आवाज मला जेमतेम ऐकू आला.

ट्रॅक्टरवरून शेतकरी ओरडला, "आक्का, काय घावलं का न्हाय?"

"घावलं की!" हे मात्र पार पलीकडच्या शिवारात पोचलं असेल.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. मी अजून रविवारी त्या रानात जाते. शेतकरी मागच्या सीटकडे बघतो आणि काही न विचारता चहा सांगतो. तो तुकडा सापडला त्या दिवशी घरी येताना याच सीटवरून कागलपासून कोल्हापूरपर्यंत मला एक पुटपुट ऐकू येत होती. एका पुरुषाचं नाव, आडनावासकट, पुन्हा पुन्हा. ते मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"कोण हो, आक्का?" मी विचारलं.

"माझा बा. पाठ करतोय. कुणी विचारलं, कुणाची गं तू, तर सांगाय पायजे की."