बंदी घातलेल्या नावांची यादी

दिंद्रुड फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं, पण त्याआधी पौर्णिमाचा आवाज लागतो. पोरगी चौथीत, जीभ मात्र तहसीलदाराची. गावात हिनं नाव ठेवलं नाही असा माणूस दाखवा! गिरणीवाल्या तानाजीला ‘घरघऱ्या’ हिनंच केलं. आता त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते, तेही पाहुण्यांसमोर.

अशा पोरीच्या दंडावर सत्यशीला मॅडमनी एप्रिलात हिरवी फीत बांधली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शाळेत पाच ‘सोबती’ नेमले होते. कुणी एकटं बसून खिचडी खाऊ नये, कुणी कुणाला चिडवू नये, कुणी रडवेलं दिसलं तर सोबत्यानं जवळ बसावं. आणि पाचांची म्होरकी पौर्णिमा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

पौर्णिमाचे पाय जमिनीवर ठरेनात. फीत बांधूनच आंघोळीला बसली, आईनं पाठीत धपाटा घातला. पहिल्याच दिवशी दुसरीतला गहिनीनाथ लिंबाखाली एकटा दिसला. पाचही सोबती त्याच्यावर तुटून पडले.

“कावून असा एकटा बसलास? कुणी मारलं? नाव सांग!”

गहिनीनाथाचं पोट दुखत होतं. पाच तोंडं एकदम वाकलेली बघून तो भोकाडच पसरला.

पौर्णिमा हटली नाही. तिला वाटलं, सगळ्या भांडणाचं मूळ टोपणनावांत आहे. मग काय, बंदी! दुपारभर बसून तिनं यादी केली आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला, मॅडम हजेरी घेत होत्या तेवढ्यात, माइक हातात घेतला. शाळेच्या भोंग्याचं तोंड थेट एसटी स्टँडकडं.

“आजपासून अजिनाथला डबडं म्हणायचं न्हाई! वर्षाराणीला पाचट म्हणायचं न्हाई...”

जी नावं फक्त चौथीच्या वर्गाला माहीत होती, ती आठ वाजेपर्यंत हॉटेलातल्या चहासोबत अख्ख्या गावानं घोटाघोटानं घेतली.

वर्षाराणी आठच दिवसांपूर्वी आई-बापासोबत ऊसतोडीहून परतली होती. सहा महिने फडातलं ऊन खाऊन तिचे केस उसाच्या वाळल्या पाल्यासारखे भुरे, राठ झालेले. ‘पाचट’ हे नाव तिला कुणी ठेवलं असेल, ते सांगायला पाहिजे का? तिनं दप्तर उचललं आणि भर परिपाठातून घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तिची आई भेटली काल. औंदा पोरीला आजीजवळ ठेवून शाळा करू देणार होते. आता म्हणतात, शाळंत न्हाई जायचं तर दिवाळीनंतर चल फडात.”

शाळा सुटल्यावर पौर्णिमा नाक मुठीत धरून वर्षाराणीच्या दारात उभी राहिली.

“चल ना गं शाळंत.”

“कावून? अजून कुणाला सांगायचं राह्यलं का? फडात कुणी नाव ठेवीत न्हाई.”

“चुकलं माझं. लई चुकलं.”

“चुकलं म्हणतीस हितं, एकटीला. ऐकलं तर समद्या गावानं.” वर्षाराणीनं तिला नखशिखान्त न्याहाळलं. “तुला घरी काय म्हणतेत?”

तहसीलदाराच्या जिभेची पौर्णिमा दंडावरची फीत सोडायला-बांधायला लागली. सातव्या महिन्यात जन्मली होती ती, एवढीशी. नजर लागू नये, पोर जगावं म्हणून कचरूआबांनी, तिच्या आजोबांनी, तिला एक नाव ठेवलं होतं. आबांचं स्वतःचं नावही त्यातलंच. ते नाव शाळेत कळू नये म्हणून तर ही आधीच सगळ्यांची नावं ठेवत सुटलेली!

“माइकवर सांग,” वर्षाराणी म्हणाली. “मंग येते.”

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी फाटकाच्या बाहेर दप्तर घेऊन उभी. आत यायचं की परतायचं, पाय मधोमध. पौर्णिमानं मॅडमना विचारून माइक घेतला.

“पाचट हे नाव मी ठिवलं. आन्... मला घरी उकिरडी म्हणतेत.”

मागून खसखस पिकली, आणि कुणीतरी “उकि...” एवढं म्हणतंय तोच वर्षाराणी फाटकातून सुसाट धावत आली. माइक हिसकावला.

“हिला उकिरडी म्हणायचं न्हाई! मला पन पाचट म्हणायचं न्हाई! जो म्हणंल त्यानं हितं येऊन आधी आपलं घरचं नाव सांगायचं!”

रांगेतली पोरं एकमेकांच्या मागं लपायला लागली. घराघरांत ठेवणीतली नावं असतात हो. तिसरीतल्या सटवानं तर दोन्ही हातांनी तोंडच दाबून धरलं.

वर्षाराणी रांगेत पौर्णिमाच्या पुढंच उभी राहिली. वेणी मुद्दाम मागं टाकून.

तिकडं स्टँडवरच्या हॉटेलात कचरूआबांच्या हातातली बशी तशीच राहिली होती. घरघऱ्या... चुकलं, तानाजी म्हणाला, “आबा, भोंग्यावरनं त्या नावावर बंदी आली की!”

“ते खरं हाय,” आबा बशीत फुंकर घालत म्हणाले, “पर दहा वर्षं मी तिला दुसरी हाकच मारली न्हाई. आता जेवाया काय म्हणून बोलवू?”

संध्याकाळी दोन पोरी आबांना ओट्यावर बसवून तालीम घेत होत्या. आबा ‘पौर्णिमा’ म्हणायला जाऊन दरवेळी ‘उकि...’वर अडकत होते, आणि वर्षाराणी त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावत होती.