मंजूची आरती मागून येते

परडीतलं निर्माल्य रोज गंगेत सोडावं, तरी दुसऱ्या दिवशी परडी भरलेलीच. नलूच्या कॉम्प्युटरचे किस्सेही तसेच साठत गेले.

नलू माझी धाकटी जाऊ. दोघी दूधविनायकाच्या देवळाजवळ, एकाच गल्लीत. लेक माझी अमेरिकेत, आणि कॉम्प्युटर नलूकडे! मंजूची पहिली मंगळागौर. दोन्हीकडचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून थेट जोडायचे आणि मायलेकींनी मिळून आरती म्हणायची, असं ठरलं. पण लेकीचा पहिला शब्द काय? "काकू, कशी आहेस?" देवीला म्हटलं, बाई, मनात काही येऊ देऊ नकोस. तरी आलंच!

*

पहिल्या मंगळवारी कहाणी. ऐकणारीनं मधेमधे "हूं" म्हणायचंच, ही आमची रीत. पण मंजूचा आवाज इतका मागून येई, की कहाणी संपवून मी प्रसाद तोंडात घातला, तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यातून आलं, "हूं!"

नलू म्हणाली, "ताई, तुम्हीच भरभर सांगता!"

*

ही देर जावी म्हणून भाऊजींनी, म्हणजे नलूच्या यजमानांनी, फोनची वायर बदलली. नलूनं मोडेमला हळदकुंकू वाहिलं. मी दूधविनायकाला मोदक बोलले. इतकं करून लाइन लागली, तोच सासूबाईंनी आतल्या खोलीतला, त्याच लाइनवरचा फोन उचलला. "अगं, यात कोण किंचाळतंय?" झालं! लाइन कटली.

*

पुढच्या मंगळवारी हेडफोन माझ्या कानांना. मी एक ओळ म्हणे आणि मंजूसाठी थांबे. ती माझ्यासाठी थांबे. आरती हळू होत होत बंदच पडली.

"लाइन गेली वाटतं," नलू म्हणाली.

लाइन कुठली जाते! मायलेकी एकमेकींची वाट पाहत होत्या.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऐकता म्हणून थांबता. ऐकूच नका. तुम्ही म्हणत राहा, मंजू मागून येईल."

म्हणजे हेडफोन काढायचा. आणि तो गेला कुणाच्या डोक्यावर? नलूच्या! स्पीकर लावला तर मंजूला तिचाच आवाज उलटून ऐकू येई. आरती माझी, लेक माझी, आणि ऐकणार नलू! वर मान डोलावून म्हणते कशी, "काय गोड म्हणते हो आपली मंजू!"

आपली!

*

श्रावणातला शेवटचा मंगळवार. मी डोळे मिटून, न थांबता आरती म्हटली. शेवटची ओळ संपवून निरांजन खाली ठेवते, तोच नलूनं हेडफोन काढून माझ्या कानांवर दाबला.

"ताई, लवकर!"

माझी आरती संपली होती. मंजूची शेवटची ओळ अजून चालू होती. सबंध ओळ ऐकली मी. नलू पदराआड डोळे पुसत होती.

इतक्यात भाऊजी आले. "वहिनी, नवा मोडेम मिळतोय. लावला की ही देर जाईल बघा!"

नलू आणि मी एकदमच ओरडलो, "राहू द्या!"

दुसऱ्या दिवशी दोघींनी जाऊन दूधविनायकाला मोदक वाहिले.