पॅडखालचा हात

पेटीत जुना पासपोर्ट सापडला आणि त्याच्या कोंदट वासानं मला बार्सिलोनातला तो चौक आठवला. दुष्काळाच्या वर्षी आमच्या सहकारी सोसायटीनं आम्हा आठ जणांना स्पेनला ठिबक सिंचन बघायला पाठवलं होतं. गावातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते आणि "इथं खिसेकापू लई हायेत, जपून ऱ्हावा" असं मी सकाळपासून सगळ्यांना बजावत होतो. भर उन्हात, कॉफीच्या कडवट वासात एक हसरा माणूस आला आणि अनाथ मुलांसाठी सही द्या म्हणत त्यानं परीक्षेला वापरतात तसलं पॅड माझ्या पोटाशी, पिशवीच्या वर धरलं. एवढ्या लोकांत सही मलाच मागितली म्हणून मी फुगलो आणि झोकात इंग्रजी सही करू लागलो. तेवढ्यात आमच्या आठ जणांतल्याच माझ्या थोरल्या चुलत्यांनी पॅडखाली हात घातला. पाटोद्याच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून बैलांचे सौदे करण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझ्या पिशवीत शिरलेला त्या माणसाचा हात त्यांनी तिथंच धरला आणि त्याची बोटं दाबत शांतपणे विचारलं, "बोल बे, कितीला देतो?" आमची सगळी मंडळी खदखदून हसली आणि तो माणूस हात सोडवून, पॅड टाकून पळाला. पासपोर्ट जागेवर होते. गावी आल्यावर चुलत्यांनी चोराचं कुणाला सांगितलंच नाही. "आमच्या पोरानं परदेशात इंग्रजीत सही केली" एवढंच ते पारावर सांगत राहिले. ग्रॅज्युएट असल्याचा अभिमान मला आजही आहे, पण ती सही अर्धीच राहिली होती, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.