माश्यांच्या सोयरिकी

माश्यांच्या सोयरिकी जुळवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो आमच्याच धरमपेठेतल्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. कॉलेजात शिकवायचा म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. सडक्या संत्र्यावर घोंगावतात तसल्या बारीक माश्या तो दुधाच्या काचेच्या बाटल्यांत पाळायचा. तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी गूळ आणि मक्याच्या पिठाची खीर. स्वतः शिळी पोळी खायचा. सकाळी जन्मलेल्या माद्या दुपारच्या आत नरांपासून वेगळ्या काढायच्या, मग आपण ठरवू त्याच नराशी जोडी लावायची, हा त्याचा नेम. माझ्या पुतणीच्या लग्नात तो भरल्या ताटावरून उठला. "काकू, मले जा लागते. पोरी वयात येऊन राहिल्या."

व्याह्यांनी घास खाली ठेवला. "किती पोरी आहेत हो यांले?"

"तीनशे," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

माझ्या सुनेला सात वर्षं मूल नव्हतं. तिला माहेरी धाडायचं मी ठरवलं होतं, मुलाच्या दुसऱ्या लग्नासाठी काटोलच्या एका मुलीचा फोटोही घरात आला होता. मास्तरने तो पाहिला. "काकू, दोष तिचाच काहून?"

"मग कोणाचा गा?"

त्याने मला वर नेलं आणि बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या त्याच्या यंत्राला डोळा लावायला सांगितलं. केसांसारखे लांब धागे वळवळत होते.

"काय आहे हे?"

"नराचं बीज."

मी चटका बसल्यासारखी मागे सरले. पन्नाशीच्या बाईला दाखवायची वस्तू का ही?

"आता हा दुसरा नर पाहा." याचे धागे तुटके होते, निपचित. "दिसाले धडधाकट, मादीमागं नाचतेही. पण जन्मापासूनच दोष आहे, बीजाले धड शेपूट येत नाही. मादी अंडी घालते, एक फुटत नाही. तिलेच दुसरा नर देला, तं बाटलीभर अळ्या."

चार दिवस मी त्याचं तोंड पाहिलं नाही. पाचव्या दिवशी मुलाला डॉक्टरकडे धाडलं. हिंगण्याच्या कारखान्यात दहा माणसांवर ओरडणारा माझा मुलगा. तपासणीचा कागद घेऊन आला, माझ्यापुढे ठेवला, आणि काटोलचा फोटो त्यानेच परत पाठवला.

पुढे मास्तरची बदली झाली. बाटल्या मांडीवर घेऊन तो टांग्यात बसला, मागे वळूनही पाहिलं नाही.

मूल काही झालं नाही. सून घरातच आहे, आता माझं सगळं तीच करते. संत्र्याच्या सालींवर माश्या जमल्या की फडकं घेऊन धावते.

"राहू दे वं," मी म्हणते.

"काहून, आई?"

इतकी वर्षं झाली, मास्तरच्या माश्यांचं अजून मी तिला सांगितलेलं नाही.