कांद्याच्या वावरात पडलेला बिडाचा तुकडा

इतकी वर्षं उलटली, तरी ते प्रकरण माझ्या मनातून उतरलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे तेवढं वेगळं राहिलं. सुरुवातीला कागदावर ते साधं अकस्मात मृत्यूचं प्रकरण होतं. नावं मी कोणाचीच देणार नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मी फौजदार होतो. मोठ्या कंपन्यांच्या आसपास पत्र्याच्या शेडमध्ये लहान कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एका कारखान्याच्या मालकाला जुन्या गाड्यांचा नाद होता. त्याच्याकडे विलायती बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी लाल स्पोर्ट्स गाडी होती. ती घेऊन तो शर्यतींना जायचा. गाडीचं सगळं काम कारखान्यातला एक मेकॅनिक बघायचा. पस्तिशीतला, हसतमुख, हाताला यश असलेला माणूस.

हा मेकॅनिक एका संध्याकाळी मेला. मालकाने खबर दिली की गाडीखाली काम करताना जॅक घसरला. माझ्या हवालदाराने शेडमध्ये जाऊन पंचनामा केला. गाडी एका बाजूला कललेली, खाली रक्त, जॅक आडवा पडलेला. कारखान्यातल्या टर्नरने, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कामगाराने, तसाच जबाब दिला. हा टर्नर मयताचा सख्खा मेहुणा होता, बायकोचा भाऊ. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर कोणाला संशय येणार?

शवविच्छेदनाचा अहवाल आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. मांडीवर खोल, तिरकी जखम, मोठी रक्तवाहिनी तुटलेली. गाडी अंगावर पडली तर माणूस चेपतो, हाडं मोडतात. इथे छाती आणि बरगड्या शाबूत होत्या. मी कागद बाजूला ठेवले, प्रकरण बंद केलं नाही.

त्याच आठवड्यात चाकणच्या ठाण्यातून एका शेतकरी बाईला आमच्याकडे पाठवलं. निघोज्याच्या बाजूची, जुन्या वळणाची, पन्नाशीची बाई. सोबत सून होती. बाईने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. जाड, बाकदार लोखंड. एका कडेला दाते होते, दुसरी कड ओबडधोबड तुटलेली.

"ह्यो आमच्या कांद्यात येऊन पडला सायेब," ती म्हणाली. "ही खुरपत व्हती. हातभर अंतरानं वाचली. धनी म्हणं भंगारात घाल. मी म्हनलं न्हाई, पोलिसात द्यायचा."

"कुठून आला?"

"रस्त्यानं लाल मोटार चालली व्हती, बुटकी. सुरुंग उडाल्यागत आवाज झाला आन् ती थांबली. मग येक टेम्पो आला, तिला बांधून घेऊन गेला."

सून हळूच म्हणाली, "आतला मानूस वरडत व्हता."

"किती वेळ?"

"टेम्पो जाईपत्तुर."

अशी गाडी आमच्या हद्दीत एकच होती. आणि बाईने सांगितलेला दिवस मेकॅनिक मेला तोच होता.

तो तुकडा मी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. इंजिनच्या मागे एक जड चक्र फिरत असतं, फ्लायव्हील. ते हलकं केलं की गाडी चटकन वेग घेते, म्हणून शर्यतवाले ते पोलादात नवीन बनवून घेतात. इथे मूळचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चक्रच लेथवर तासून पातळ केलं होतं. बीड ठिसूळ असतं. इंजिन जोरात फिरवलं तर ते बॉम्बसारखं फुटतं, आणि त्याच्या सगळ्यात जवळ असतात पुढे बसलेल्यांचे पाय.

पंच आणि बाहेरचा एक मेकॅनिक घेऊन मी शेडवर गेलो. मालक शांत होता. त्याने चहा मागवला.

"फौजदारसाहेब, भंगारचा तुकडा कुणाचाही असेल," तो म्हणाला. "माझ्या गाडीत फ्लायव्हील आहे की. उघडून बघा."

आम्ही उघडलं. आत पुरत्या जाडीचं फ्लायव्हील होतं. क्लचही नवा होता. पण मेकॅनिकने डाव्या सीटपुढची चटई उचलली, तर खालचा पत्रा कापून नवीन ठिगळ जोडलेलं. बोनेटच्या आतल्या बाजूलाही तसंच. वरून लाल रंग मारला होता, तो बोटाला लागत होता.

टर्नरला मी ठाण्यावर बोलावलं. बुद्धविहाराजवळच्या चाळीत राहणारा, चाळिशीचा, सरळ माणूस. आवाज चढवण्याची गरज नव्हती. मी तुकडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उचलला नाही, नुसता तासलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हात मांडीखाली घालून बसला.

"तूच तासलंस ना?"

"होय साहेब. एकदा हलकं करून दिलं होतं. मालकाला आणखी हलकं पाहिजे होतं. मी नको म्हटलं. दाजी म्हणाले, शर्यत होऊ दे, मग पोलादाचं बनवू. क्लचच्या कडक स्प्रिंगासुद्धा त्यांनीच बसवल्या होत्या. फार खुशीत होते."

"जॅकची कल्पना कोणाची?"

 हवालदाराने पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"टेम्पो घेऊन मीच गेलो होतो," तो म्हणाला. "मालकाचा निरोप आला, गाडी बंद पडलीय. जाऊन बघतो तर मालक रस्त्यावर उभे, दाजी डाव्या सीटवर रक्तात. गाडी मालकच चालवत होते. मी माझा शर्ट काढून मांडीला करकचून बांधला. म्हटलं, आधी हॉस्पिटल. मालक म्हणाले, रस्त्यावर गाडी दिसली तर आपण सगळे आत जाऊ, आधी शेडवर टाकू, मग लगेच नेऊ. पिंपरीचं हॉस्पिटल वाटेवरच होतं साहेब. समोरून गेलो आम्ही."

"तू काही बोलला नाहीस?"

"बोललो. एकदा बोललो." त्याने एक हात मांडीखालून काढून तुकडा दूर सरकवला. "टेम्पो मी चालवत होतो, मालक मागे बांधलेल्या गाडीत. शेजारी आडवं केलेल्या दाजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते म्हणत होते, आलं का रे? मी म्हणत होतो, आलं, आलं. शेडवर दाजींना गाडीपाशी उतरवलं, मालकांनी सांगितलं तसा जॅक लावून पाडला. मग हॉस्पिटलला नेलं. तोवर संपलं होतं."

तपासातला हा क्षण यशाचा असतो. ठाण्यात माझ्याविषयी चांगलं बोललं गेलं. मालकाला अटक झाली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं, पुरावा नष्ट करणं, खोटी खबर देणं. टर्नरला साक्षीदार करायचं ठरलं, त्याच्याशिवाय प्रकरण उभंच राहत नव्हतं.

पण जबाब नोंदवून झाल्यावर मयताच्या बायकोला सांगायचं होतं. टर्नर म्हणाला, मी सांगतो, तुम्ही बरोबर या.

नवरा गेल्यापासून ती भावाच्याच खोलीत राहत होती. त्याच्याशिवाय तिला कोणी नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ती भाकऱ्या करत होती. भावाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, स्टो बंद केला.

"दादा, तू होतास तिथं?"

"होतो."

"ते बोलत होते?"

"हो."

"माझं काही बोलले?"

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. माझं काम झालं म्हणून मी उठून निघालो. त्याच दिवशी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन ओळखीच्या एका बाईकडे राहायला गेली.

खटला उशिरा चालला. डॉक्टर साक्षीत म्हणाले की वेळेत आणलं असतं तर वाचण्याची शक्यता होती. टर्नर पिंजऱ्यात उभा राहून सगळं बोलला. मालकाच्या वकिलाने त्याला पुरता सोलून काढला. "तुम्ही स्वतः टेम्पो का थांबवला नाही?" या प्रश्नावर तो म्हणाला, "मालक होते ना." मालकाला शिक्षा झाली, थोडीच. त्याने अपील केलं आणि जामिनावर घरी गेला.

निकालानंतर मयताची बायको व्हरांड्यात माझ्यापाशी आली. मला वाटलं, शिक्षा कमी झाली म्हणून काही बोलेल.

"साहेब, हे मला कळलंच नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. रागाने नाही. "नवरा गेलाच होता. भाऊ तरी राहिला असता."

टर्नर पायऱ्यांखाली उभा होता. ती त्याच्यासमोरून निघून बसच्या थांब्याकडे गेली. तो अंतर ठेवून मागे चालत राहिला. बस आली तेव्हा ती पुढच्या दाराने चढली, तो मागच्या.

खरं शोधून काढणं हे आमचं काम, आणि ते मी पुढेही करत राहिलो. त्या बाईपासून खरं लपवायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. पण त्यानंतर कोणाच्या घरी असली बातमी घेऊन गेलो की मी सांगून लगेच उठत नसे. बोलून झाल्यावरही बसून राहायचो, घरातलं कोणीतरी 'आता जा' म्हणेपर्यंत.