अंजीर पुरायचं कोणी?

लिही. सावकाश सांगते, पण मध्येच थांबवू नकोस, धागा सुटतो माझा.

आपल्या शेजारची नुन्झिया. तुझ्या आईचा बाप्तिस्मा झाला तेव्हा चर्चमध्ये तिनंच धरलं होतं तुझ्या आईला, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमारे म्हणतो. गाव सोडून, समुद्र ओलांडून इथं हॅमिल्टनला आलो तेही मागंपुढंच. तिचा नवरा गाएतानो पोलादाच्या कारखान्यात होता. माणूस बोलायला गोड, पण घरात शब्द त्याचाच. आणि अंगणात त्याचं अंजीर.

गावाहून येताना बापाच्या दारच्या झाडाची, कोटाच्या अस्तरात शिवून आणलेली काडी ती. इथल्या थंडीत अंजीर बाहेर टिकतंय होय? म्हणून आम्ही लोक त्याला पुरतो. हसू नकोस गं, खरंच पुरतो. पानं झडली की फांद्या गोळा करून जुन्या चादरींनी घट्ट बांधायच्या. झाडाएवढा लांब खड्डा खणायचा. ज्या बाजूला झाड निजवायचं ती बाजू आणि तिच्या समोरची, एवढ्याच बाजूंची मुळं फावड्यानं तोडायची. उरलेल्या दोन बाजूंना हात लावायचा नाही, त्यांच्यावरच त्याचा जीव. मग लेकराला निजवल्यासारखं हळूहळू आडवं करायचं. वर फळ्या, त्यावर सुकी पानं, त्यावर माती. अंगाला प्लॅस्टिक लावायचं नाही, आत घाम धरतो आणि खोड कुजतं. आणि पहिलं ऊन पडलं म्हणून उकरायला धावायचं नाही. ढगाळ दिवस बघायचा, थोडी थोडी माती काढायची, नाहीतर कोवळी साल भाजते.

तर हे काम एकट्याचं नाही. एकानं वाकवायचं, एकानं धरायचं. धरायला नुन्झिया.

तिची धाकटी बहीण मिकेलिना गावाकडेच राहिलेली. नुन्झियाला तिला भेटायला जायचं होतं, इथं आल्यापासून जायचं होतं. पण शरद आला की गाएतानो म्हणायचा, "जा की! मी नको म्हणतो का? अंजीर पुरायचं कोणी तेवढं सांग." वसंतात, "उकरायचं कोणी?" उन्हाळ्यात टोमॅटो. "मी घातलं पाणी तर पानांवर पडेल, मग करपा येतो म्हणून तूच ओरडशील." ते मात्र खरं हं, टोमॅटोला पाणी सकाळी घालावं आणि बुडाशीच घालावं. टोमॅटो संपले की बाटल्यांत सॉस भरायचा, तो भरेपर्यंत पुन्हा अंजिराची पानं पिवळी. दाराला कुलूप नव्हतं कधी. पण वर्षात एक आठवडा मोकळा सापडायचा नाही बिचारीला.

एकदा कुंपणापाशी तुळशीसारखी ती आपली बाझिलिको असते ना, तिचे तुरे खुडत होती. तुरे खुडावेच लागतात, नाहीतर पानं कडू होतात. खुडता खुडता म्हणाली, "कोमारे, हे अंजीर हिवाळाभर झोपून काढतं. मला मेलीला तेवढीही सुट्टी नाही." दोघी हसलो.

मग एका वर्षी पानं झडायच्या सुमाराला गावाहून भाच्याचा फोन आला. मिकेलिनाचं अर्धं अंग गेलं होतं. बोलता येत नव्हतं, एक नुन्झियाचं नाव तेवढं घ्यायची. नुन्झियानं मला न सांगता, गाएतानोला न विचारता विमानाचं तिकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा.

गाएतानो म्हणाला, "जा. पण आधी अंजीर."

त्याचा खुबा तेव्हा धरलेला, काठीशिवाय पाऊल नाही. म्हणून मी गेले मदतीला. थंडी लवकर आली होती, मागच्या बाजूची माती दगडासारखी. फावडं शिरेना.

"मागची मुळं तुटली नाहीत," नुन्झिया म्हणाली. "थांब, गरम पाणी ओतते, माती सुटेल."

"पाणी ओतून मुळं उकडतेस? राहू दे. बर्फ येतोय. ओढा!"

"गाएतानो, मोडेल."

"तू मला शिकवणार? ओढ म्हणतो ना!"

ओढलं आम्ही. हाड मोडल्यासारखा आवाज झाला. खोड मधोमध चिरलं, पार बुडापर्यंत.

गाएतानोनं काठी टाकली, खाली बसायला गेला, बसता येईना. मग म्हणाला, "दोरी आण. बांधू. चिखल लावू. हिवाळाभर रोज बघावं लागेल. आता कसली जातेस तू?"

नुन्झिया घरात गेली. मला वाटलं, दोरी आणायला. ती करवत घेऊन आली.

"काय करतेस?"

"सरक."

"नुन्झिया! माझ्या बापाच्या दारचं झाड आहे ते!"

"माझ्या बापाच्या दारी माझी बहीण पडली आहे," ती म्हणाली, आणि बसली गुडघ्यांवर. वीतभर बुंधा ठेवून कापलं तिनं. तो शिव्या देत होता, रडतही होता. तिनं बुंध्यावर सुकी पानं रचली, त्यावर माती, त्यावर घमेलं पालथं घातलं, वर दगड. अंजिराचं मूळ शाबूत असलं ना, तर ते बुडापासून पुन्हा फुटतं. हे त्यालाही माहीत होतं गं. पण मग पुरायचं काय उरलं?

तुझा मामा तिला विमानतळावर सोडायला निघाला तेव्हा गाएतानो दाराशी आला नाही. खिडकीतून ओरडला, "येणार कधी?"

"फुटलं की येते!"

फुटायला उन्हाळा लागतो.

तशी ती आधीच आली म्हणा, बर्फ वितळायच्या आत. मिकेलिनाला आपल्या हातांनी भरवलं, तिला मातीही आपल्या हातांनी दिली, आणि आली. दुसरीकडे जाणार कुठं? गाएतानोचा खुबा तसाच, त्याला मोजे कोण घालणार?

जूनमध्ये कोंब आले. फळ काही धरलं नाही. गाएतानो खुर्ची टाकून समोर बसतो आणि म्हणतो, "वाढू दे, वाढू दे." नुन्झिया कमरेच्या वर एक फांदी जाऊ देत नाही; एवढं ठेंगणं झाड जागच्या जागी पानांनी झाकता येतं, पुरावं लागत नाही. तो ओरडत असतो, ती कात्री चालवत असते.