लहान चिऱ्याचं दुखणं

मी जन्मात बिडी ओढली नाही. बिड्या वळल्या मात्र लग्नाआधीपासून. ओढायचा तो नवरा, आणि फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली ती मला. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं ऑपरेशन करून फुफ्फुसाचा एक भाग काढला. काखेखाली तीन लहान चिरे, बस्स. गाठ वेळेत सापडली, नशीबवान आहात, असं ते म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

नवेगाव बांधच्या आमच्या भागात दवाखान्यातून परतलेल्या बाईला भेटायला बाया बिस्किटाचा पुडा घेऊन येतात आणि आल्या आल्या टाके दाखव म्हणतात. टाक्यांवरून दुखणं मोजायची आमची रीत. माझ्या जावेची पिशवी काढली तेव्हा बेंबीखाली हा एवढा चिरा होता. बायांनी "माय व माय" करत तोंडावर पदर धरले आणि जाऊ पूर्ण उन्हाळा खाटेवर बसून जेवली. माझी काख पाहून मात्र एकीनं सरळ विचारलं, "येवढ्याशा भोकातून काय निघते व?" असा संताप आला! पण काढलेला तुकडा काही मी डब्यात भरून आणला नव्हता.

महिना व्हायच्या आत धानाची रोवणी आली. वाकू नका, ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी नवऱ्यासमोरच बजावलं होतं. तो म्हणाला, "काट्यानं खरचटल्यावानी तं हाये. बसून कायले राहिली?" मी चिखलात उतरले. दम घ्यायला उभी राहिले की जाऊ हसायची.

पाच वर्षं झाली. शेवटच्या तपासणीत आजार कुठंच दिसला नाही. जिवंत आहे, हे मी नाकारत नाही. पण आमच्याकडच्या प्रतापगडावर महादेवाच्या जत्रेत अर्ध्या चढावर बसावं लागतं, आणि थंडीत छातीची ती बाजू अशी जळते की ब्लाउजची शिवणही सहन होत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. घरी सांगितलं की नवऱ्याचं एकच उत्तर, "डॉक्टर तं बरी म्हंते." मग मी सांगायचंच सोडलं.

यंदा उन्हाळ्यात त्याचाच खोकला हटेना. आम्ही त्याच डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. तपासण्या करून त्यांनी सांगितलं, यांच्याही फुफ्फुसात गाठ आहे, पण लहान आहे, दुर्बिणीनं काढता येईल. नवरा खुर्चीतून पुढं सरकला.

"नाही साहेब, मोठाच चिरा द्या. लहान चिऱ्यावर घरचे आराम करू देत नाहीत. हिले विचारा."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले.

"दुर्बिनीनंच करा साहेब," मी म्हणाले. "फुडच्या महिन्यात रोवनी हाये."